ओहोटीच्या वेळेवर: बडोद्याहून जामनगर आणि ओखामंडळ

बडोद्याच्या मुलांना समुद्र पहिल्यांदा भेटतो तो कमाटीबागेत. तिथल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, बावीस मीटर लांब. १९४४च्या पावसाळ्यात महीसागर नदीच्या मुखाशी वाहत आला होता तो. माझा ओजस चार वर्षांचा असताना त्याच्या बरगड्या मोजत उभा राहायचा, आणि मोजणी चुकली की पुन्हा डोक्यापासून सुरू. यंदा अकरावं लागलं, तेव्हा एक दिवस जेवताना त्याने विचारलं, "आई, जिवंत काय बघायला मिळतं समुद्रात? बोटीतून नाही, जवळून."

जवळून बघायचं तर पाण्यात डुबकी मारावी लागते, असं मला वाटत होतं. पण आपल्याच राज्यात, कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठावर, समुद्र दिवसातून दोनदा इतका मागे सरतो की प्रवाळाच्या बेटावरून पायी चालता येतं. १९८० साली तिथे सागरी अभयारण्य झालं आणि १९८२ साली त्यातला काही भाग राष्ट्रीय उद्यान झाला, देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. बेचाळीस बेटं आहेत त्यात. आणि हे सगळं जामनगरपासून हाकेच्या अंतरावर.

अट एकच: जायचं समुद्राच्या वेळेवर. शनिवार-रविवार पाहून तिकिटं काढली आणि त्या दिवशी भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असली तर पाणी पुरेसं हटतच नाही. म्हणून तारखा ठरवायचं काम सासूबाईंकडे गेलं. आई भिंतीवरची दिनदर्शिका काढून घेऊन बसल्या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा ओहोटीही सगळ्यात खोल. पण ऐन पौर्णिमेची ओहोटी तिथे भल्या पहाटे अंधारात लागते. रोज ती पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. "म्हणजे तृतीया," आई म्हणाल्या, "उधाणही टिकलेलं आणि उजेडही आलेला." मग लगेच, "पण चतुर्थीला माझी संकष्टी आहे हं. उपासाचं बरोबर घ्यावं लागेल."

असं ठरलं. दत्तजयंतीच्या संध्याकाळी देवळात जन्माचा पाळणा झाला, सुंठवडा वाटला, आणि मध्यरात्र उलटल्यावर आम्ही चौघं (आई, विनय, ओजस आणि मी) सौराष्ट्र मेलमध्ये बसलो. पिशवीत दशम्या, लीलो चिवडा आणि एका डब्यात तळणीचे एकवीस मोदक, चतुर्थीपर्यंत उघडायचा नाही या बजावणीसकट. खिडकीबाहेर पौर्णिमेचं लख्ख चांदणं होतं.

पहिला दिवस, प्रतिपदा

जामनगर १५४० साली जाम रावळांनी वसवलं. गावात बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण आम्ही त्यासाठी आलो नव्हतो. दुपारी झोप काढली, बाजारातून इथली ती सुपारीएवढी सुकी कचोरी घेतली, आईंनी बांधणीच्या दुकानात तासभर काढला.

संध्याकाळी लाखोटा तलावावर गेलो. मधोमध जुना कोठा, भोवती फिरायला रस्ता, आणि पाण्यावर शेकडो कुरव पक्षी. थंडीत उत्तरेकडून येतात ते. लोक काठावर उभे राहून शेव-गाठिया उधळतात आणि पक्षी हवेतल्या हवेत झेलतात. दिसायला सुंदर दिसतं, मुलं हरखून जातात. मला मात्र ते पाहवलं नाही. हजारो मैल उडून आलेल्या, मासे खाणाऱ्या पाखराला तळलेलं बेसन आणि मीठ घालायचं, हे प्रेम असलं तरी चुकीचं प्रेम आहे. ओजसनेही पुडी मागितली होती. त्याला समजावून सांगितलं, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग नुसता बघत बसला.

दुसरा दिवस, द्वितीया

सकाळी खिजडिया. गावापासून दहा-बारा किलोमीटर. उजाडायच्या आत पोचलो, कानटोप्या घालून.

या अभयारण्याची गंमत एका बांधात आहे. संस्थानच्या काळात नवानगरने, म्हणजे जामनगरच्याच संस्थानाने, समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून लांबच लांब मातीचे बांध घातले. पावसाचं, नदीचं पाणी अलीकडे अडलं आणि गोडं तळं झालं. पलीकडे चिखल, मिठागरं, तिवरं आणि खाडी. बांधावर उभं राहिलं की डाव्या हाताला गोडं पाणी आणि उजव्या हाताला खारं. दोन्हीकडचे पक्षी वेगळे, आणि मधून चालणारे आपण. माणसाने पाखरांसाठी काही केलं नव्हतं, शेतासाठी केलं होतं. पाखरांनी ते आपलंसं केलं.

हे पाहताना विनयला वढवाणा आठवलं, आणि आठवणारच. डभोईजवळचा आपला वढवाणा तलावही असाच, सयाजीराव महाराजांच्या राजवटीत शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, आणि आता थंडीत पट्टकादंब हंसांनी भरून जातो. वढवाणाला २०२१ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली. खिजडियाची घोषणा २०२२च्या पाणथळ दिनाला झाली. दोन संस्थानांची दोन शेतीची कामं, आणि आज दोन्ही जगाच्या यादीत.

उजाडलं तसे आधी आवाज आले. कांड्या करकोच्यांचे थवे, गुजरातीत ज्यांना कुंज म्हणतात, रात्रीचा मुक्काम सोडून शेतांकडे निघाले. एकामागून एक रांगा. आवाज खरखरीत आणि तरी दूरवर घुमणारा. एक थवा डोक्यावरून गेला तेव्हा पंखांची सळसळही ऐकू आली. आई तोंडाला पदर लावून वर बघत राहिल्या होत्या. मी त्यांना इतकं स्तब्ध क्वचितच पाहिलंय.

गोड्या बाजूला चित्रबलाक, पाणकावळे, बदकं. एका निष्पर्ण झाडाजवळच्या पाण्यात काळ्या मानेचा करकोचा एकटाच, उंच लाल पायांवर. खाऱ्या बाजूला रोहित पक्षी, दूर असल्यामुळे आधी गुलाबी रेघच वाटली. जवळच्या चिखलात वर वळलेल्या चोचीचे ॲव्होसेट, दाणे पाखडावेत तशी चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत. ओजसच्या वहीत सकाळी दहापर्यंत एकतीस नावं झाली. त्यातली चार-पाच ओळख न पटल्यामुळे नुसती चित्रं आहेत.

दुपारनंतरचं काही सांगण्यासारखं नाही. घुघरे खाल्ले, फार तिखट होते, आणि दुसऱ्या दिवशीसाठी सगळ्यांचे जुने, घट्ट, नाडीचे बूट काढून ठेवले.

तिसरा दिवस, तृतीया

ओहोटीचा तळ नऊच्या सुमारास होता. नियम असा की तळाच्या तास-दीड तास आधी चालायला लागायचं, पाण्याच्या मागोमाग जायचं, आणि पाणी वळलं की लगेच परतायचं. सकाळी साडेसहाला यायची ठरलेली गाडी सव्वासातला आली. ती पाऊण तासाची वाट बघणं मला फार जड गेलं. दुसऱ्या कुठल्याही सहलीत एवढा उशीर सोसला असता. इथे वेळ मागून मिळत नाही.

द्वारकेच्या रस्त्याने वाडीनारपर्यंत साठेक किलोमीटर. वाटेत तेलशुद्धीकरणाच्या चिमण्या, टाक्या, मैलोगणती कुंपणं. देशाचं कितीतरी कच्चं तेल याच आखातातून किनाऱ्याला लागतं. त्याच पाण्यात प्रवाळ जगतं, हे मनात ठेवूनच पुढे गेलं पाहिजे.

तिथून नरारा, ते पायी फिरायचं प्रवाळाचं बेट. त्याच्या चौकीवर वनखात्याची नोंद, शुल्क, आणि बरोबर वाटाड्या. आमचे वाटाडे जवळच्याच गावातले, पन्नाशीचे, हातात काठी. आईंकडे पाहून म्हणाले, "बा, धीमे धीमे. हुं पग मूकुं त्यां ज पग मूकजो." म्हणजे मी पाय ठेवीन तिथेच ठेवा. ओजसला वेगळी ताकीद: काही उचलायचं नाही, कशात बोट घालायचं नाही, दगड उलटायचा नाही.

आधी तिवरं लागतात, कमरेएवढी. चिखलातून पेन्सिलीसारखी उभी श्वसनमुळं, आणि त्यांच्यामधून टणाटण उड्या मारणारे निवट्या मासे. तिवराचं पान जिभेला लावून पाहा, म्हणाले. खारट! झाड मुळांतून आलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. ओजसने तीन पानं चाटली.

मग चिखल, मग वाळू, मग घोट्याएवढं पाणी, आणि पायाखाली जमीन खडबडीत झाली. पश्चिमेला फिकट चंद्र अजून क्षितिजाच्या थोडा वर होता. वाटाड्यांनी काठीने तो दाखवला. "चांदो माथे, तो भरती. चांदो ऊगे के आथमे, तो ओट." चंद्र माथ्यावर असला की भरती, उगवताना आणि मावळताना ओहोटी. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतंच. आई एकदम म्हणाल्या, "मग उद्या चंद्रोदयाला ओहोटीच असेल." वाटाडे हसले, "हा बा, बराबर."

आता जे दिसलं ते क्रमाने सांगणं कठीण आहे, कारण पुढच्या दीड तासात आम्ही पन्नास पावलंसुद्धा सलग चाललो नाही.

पहिलं प्रवाळ मी दगड समजून ओलांडणार होते. ताटाएवढं, फिकट हिरवट, वर मेंदूसारख्या वळ्या. वाटाड्यांनी गुडघ्यावर बसायला लावलं. वळ्यांवर चिकट पातळ लेप चमकत होता. पाणी गेल्यावर कोरडं पडू नये म्हणून प्रवाळ आपल्याभोवती हा लेप करतं. दगड जिवंत होता. हजारो इवले जीव, प्रत्येकाने आपल्याखाली चुन्याची वाटी बांधलेली, आणि सगळ्या वाट्या मिळून तो गोळा. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न शिजवतं, प्रवाळाला देतं, आणि रंगही त्याचाच. पाणी फार तापलं की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. फार दिवस तसंच राहिलं तर मरतं. कच्छच्या आखातातलं प्रवाळ हे भारतातलं सगळ्यात उत्तरेचं. थंडीत पाणी गार, उन्हाळ्यात तापलेलं, मीठ जास्त, गाळ जास्त, आणि दिवसातून दोनदा कित्येक प्रवाळं उघड्यावर. इतक्या कठीण जागी ते तगलं आहे. पुढच्या डबक्यात दुसरी जात होती, पाण्याखाली फुललेली. फुलांचा गुच्छ ठेवावा तशी, आणि सावली पडताच सगळी फुलं आत ओढली गेली.

आईंच्या बोटात मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी आहे. त्यांनी ती पुढे केली. "हेच का ते?" वाटाड्यांनी मान हलवली, ते लाल पोवळं इथलं नव्हे. दागिन्यातलं पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्राच्या खोल पाण्यातलं, ते विनयने सांगितलं. आई बराच वेळ एकदा अंगठीकडे आणि एकदा त्या हिरवट गोळ्याकडे बघत होत्या.

मग समुद्रफूल. जेवणाच्या ताटाएवढं, वाळूत पसरलेलं, कडेने हलणारे आखूड स्पर्शक. आणि त्याच्या झालरीत नखाएवढी पारदर्शक कोळंबी निवांत बसलेली. मग समुद्रकाकडी, चिखलातून अन्न गाळत पडलेली. सापासारख्या हातांचे तारामासे, दगडाखालून फक्त एक हात बाहेर. शंखात घर केलेले खेकडे, घर पाठीवर घेऊन लगबगीने निघालेले.

ऑक्टोपस ओजसने शोधला. आम्ही तिघं जिथे बघून पुढे गेलो होतो, तिथे तो उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "तो दगड श्वास घेतोय." खरंच, दगडाचा एक भाग फुगत होता, बसत होता. एक डोळा दिसला. मग पाण्यात तो दगड सुटा झाला, तपकिरीचा करडा झाला, वाळूवर येताच ठिपक्यांचा झाला, आणि आठ हात एकामागून एक ओढत फटीत शिरला. त्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं, हे ओजसला माहीत होतं. पण ते सांगायला तो विसरला. परतताना गाडीत सांगितलं.

केंड मासाही दिसला, इंग्रजीतला पफर फिश. लोक त्याला हातात घेतात, तो घाबरून फुगतो, फोटो निघतो, सोडून देतात. त्या फुगण्यात त्याची बरीच ताकद जाते. फोटो मागणारेच नसले तर वाटाड्यालाही तो उचलावा लागणार नाही. आमच्या वाटाड्यांनी उचलला नाही. मी आधीच विनंती केली होती, आणि त्यांनाही ती आवडली असावी, कारण त्यानंतर ते जास्त मोकळेपणाने बोलू लागले. पूर्वी सिमेंटसाठी या आखातातली प्रवाळाची वाळू उपसत, तेव्हाच्या गोष्टी सांगितल्या. बोटी भरभरून नेत असत, म्हणाले, आणि पाणी दिवसचे दिवस दुधासारखं असायचं.

परतीच्या वाटेवर ओजसच्या हातात एक तुकडा दिसला. मेलेल्या प्रवाळाचा, पांढरा, चांदण्यांच्या नक्षीचा. "हे तर मेलेलं आहे," तो म्हणाला. वाटाड्यांनी रागावून नाही, पण ठामपणे सांगितलं. कठीण प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. शिवाय मेलेल्या तुकड्यावरच नवं प्रवाळ धरतं, त्याच्याखालीच कुणीतरी राहतं. ओजसने तो जिथून घेतला होता ती जागा शोधायला पाच मिनिटं घेतली. आम्ही थांबलो, वाटाडेही थांबले. पाणी वळलं होतं तरी.

पाणी वळतं ते बघण्यासारखं असतं. लाट येत नाही. वाळूवरच्या वळ्यांमधून रेघा उजळायला लागतात, डबक्याला डबकं जोडलं जातं, आणि मागे वळून बघावं तर आपण उभे होतो ती जागा नाहीशी झालेली असते. आखात आत जाताना अरुंद आणि उथळ होत जातं, म्हणून पाण्याला वर चढावं लागतं: तोंडाशी ओख्याला चढ-उतार तीन मीटरच्या आसपास, तर आत कांडला-नवलखीकडे त्याच्या दुप्पट. सपाट किनाऱ्यावर तेवढं पाणी किती भरभर पसरतं, ते चौकीपर्यंत पोचेपर्यंत आम्ही पाहिलं. आईंचे बूट भिजले, पण त्या पडल्या नाहीत. वाटाडे जिथे पाय ठेवत तिथेच त्यांनी अखेरपर्यंत पाय ठेवला.

चौथा दिवस, चतुर्थी

आईंचा उपास. आम्हीही सकाळी फराळाचंच खाल्लं आणि ओखामंडळाकडे निघालो.

बडोदेकरांना हे नाव ऐकून माहीत असतं, पण त्याचा अर्थ इथे आल्यावर कळतो. सौराष्ट्राचं हे पश्चिम टोक, द्वारकेसकट, गायकवाडांच्या राज्यात होतं. महाराजांनी इथल्या समुद्राची पाहणी करून घेतली होती. १९०५-०६च्या हिवाळ्यात जेम्स हॉर्नेल नावाचे सागरी जीवशास्त्रज्ञ बडोदे सरकारसाठी या किनाऱ्यावर हिंडले. प्रवाळ, स्पंज, शंख, शिंपले, किडे, जे मिळालं ते गोळा केलं, निरनिराळ्या तज्ज्ञांकडे पाठवलं, आणि त्याचा अहवाल दोन भागांत छापला गेला, १९०९ आणि १९१६ साली. मोती आणि शंख यांतून राज्याला उत्पन्न होईल का, हा प्रश्न त्यामागे होता. तरी त्या निमित्ताने या किनाऱ्यावरचा जीव नि जीव नोंदला गेला. काल आम्ही वहीत नावं लिहिली, तशीच नावं कुणीतरी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, आमच्याच गावच्या सरकारसाठी, अशाच ओहोटीत लिहिली होती. मला याचं फार अप्रूप वाटतं, आणि बडोद्याच्या शाळांत हे शिकवलं जात नाही याचं वाईट वाटतं.

नागेश्वराच्या परिसरात तर याहून जुनी गोष्ट आहे. तिथे हडप्पाकाळातली शंखाच्या बांगड्यांची वसाहत सापडली, आणि तिचं उत्खनन आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने १९८०च्या दशकात केलं. बेट द्वारकेला शंखोद्धार म्हणतात ते उगीच नाही.

द्वारकाधीशाचं दर्शन घेतलं, गर्दी होती. शिवराजपूरचा किनारा पांढऱ्या वाळूचा आणि नितळ पाण्याचा, २०२०मध्ये त्याला ब्ल्यू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्याचं प्रमाणपत्र मिळालं. स्वच्छ आहे खरा. पण पाण्यावरच्या स्कूटरांचा आवाज इतका की आम्ही तासाभरात निघालो. बेट द्वारकेला आता २०२४मध्ये सुरू झालेल्या सुदर्शन सेतूवरून जाता येतं, सव्वादोन किलोमीटरहून थोडा लांब. पूर्वीच्या होडीची मजा गेली असं लोक म्हणतात. आईंसारख्यांना मात्र पूल सोयीचा.

मुक्काम ओख्याला. १९२६ साली बडोदे संस्थानने इथे बंदर उभं केलं. संध्याकाळी धक्क्याच्या बाजूला मासेमारीच्या बोटी, जाळी, डिझेलचा वास, आणि घरी निघालेले बगळे.

दिनदर्शिकेच्या मागे संकष्टीच्या चंद्रोदयाच्या गावोगावच्या वेळा असतात. त्यात बडोदं असतं, ओखा नसतं. बडोद्याची वेळ झाली तेव्हा आई तांब्या-फुलपात्र, दूर्वा आणि मोदकांचा डबा घेऊन खाडीच्या काठावर आल्या. पूर्वेला नुसता काळोख. विनयने हिशोब सांगितला, ओखा चार अंशांनी पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं, म्हणजे सोळा. "दिवसभर थांबले, सोळा मिनिटांचं काय," आई म्हणाल्या आणि दगडावर बसल्या.

ओजस काठाशी वाकून टॉर्चने खाली बघत होता. "आई, आजी, पाणी नाहीये!" संध्याकाळी जिथे होड्या तरंगत होत्या तिथे चिखल उघडा पडला होता, होड्या एका कुशीवर कललेल्या, आणि चिखलावर बारीक खेकड्यांची पळापळ.

मग बेटाच्या मागे तांबूस कड दिसली. आईंनी उभं राहून अर्घ्य दिलं. फुलपात्रातलं पाणी ओल्या चिखलावर पडलं, तेवढ्यापुरते खेकडे बिळात गेले, आणि पुन्हा बाहेर आले. ओजसने डबा उघडला.